मुन्शीजींनी गाळलेलं वाक्य

कार्तिक वद्य पंचमी. सकाळी मी अंगणात ज्वारी पाखडत होते. सूप हातात असतानाच निरोप आला की स्टेशनच्या अंगाला कापसातली सरकी काढायचं नवं जिनिंग सुरू होतंय, वीस बायांवर मुकादमीण हवी आहे, आणि तिथला कारभार पाहणाऱ्या मोहतमीम साहेबांनी माझी चौकशी केली आहे. मात्र आधी अर्ज, म्हणजे तिथली दरखास्त, द्यायची. त्यात नुसतं नावगाव नको, माणसाचा मिजाज आणि काम करायची रीत लिहून आणायची.

मी ज्वारी पुरती पाखडली, डब्यात भरली आणि मग कचेरीकडे निघाले. जायचं की नाही असा विचार केला नाही. दोन हंगाम मी शेतात कापूस वेचायला जात होते आणि पाठ आता वाकेना झाली होती. घरात मिळवणारी मी एकटी. त्याआधी सात हंगाम मी गावातल्या जुन्या जिनिंगमध्ये मुकादमीण होते. ते काम मला येत होतं, दुसरं येत नव्हतं.

कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली मुन्शीजी बसत. म्हातारे, दाढी मेंदीने लाल केलेली, पुढ्यात दौत-टाक आणि कागदावर ठेवायला एक गोटा. कचेरीत आणि साहेबांच्या खोलीत सगळा कारभार उर्दूत चाले. मला मराठी लिहितावाचता येई, उर्दूतला अलिफही येत नव्हता. मी सांगायचं, त्यांनी लिहायचं.

"नाव झालं, राहणार झालं, उमर झाली. आता मिजाज."

"म्हणजे?"

"स्वभाव हो बाई. नरम का गरम?"

"कडक लिहा."

"कडक चहा असतो. माणूस संजीदा असतो, म्हणजे गंभीर." त्यांनी लिहिलं. "पुढं?"

"वेळेला पक्की. भोंग्याच्या आधी हजर. काम चालू असताना बायांना बोलू देत नाही. लेकरू पाजायला पाळीपाळीने सोडते, एकदम सगळ्यांना नाही. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नाही."

"वाहवा. सासू लिहू का मुकादमीण?"

मी हसले नाही. ते आपले हसून घेऊन थांबले. मग मी म्हणाले, "आणि लिहा, माझ्या हातून एक बाई गेली."

त्यांनी टाक खाली ठेवला. "बाई, ही दरखास्त हाय. गुन्ह्याची कबुली द्यायची तर फौजदाराचं दार तिकडं."

"तुम्ही लिहा."

"दरखास्तीत माणूस जसा असावा तसा लिहायचा असतो. चाळीस साल लिहायलोय मी. अजून एकानं सुदा सोताला खोटारडा लिहून घेतलं न्हाई."

"लिहा मुन्शीजी."

त्यांनी टाक उचलून पुष्कळ वेळ काहीतरी लिहिलं, वर वाळू टाकली, झटकली, आणि कागद माझ्या हातात दिला.

काय घडलं होतं ते इथेच सांगून टाकते.

जिनिंगमध्ये उंच ओट्यावर यंत्रांची रांग असते. एकेका यंत्रापुढे एकेक बाई उभी राहून सरकीसकट कापूस आत लोटते. रुई पलीकडे पडते, सरकी खाली. ओट्याखालून लांब दांडा फिरतो आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राला कातड्याचा एक पट्टा येतो. तो बाईच्या उजव्या हाताशी, वीतभर अंतरावर, दिवसभर फटफटत असतो.

संक्रांत आली की कासार गल्लीगल्लीत फिरे आणि बाया कोपरापर्यंत हात भरून घेत. ते हात घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर. यंत्राच्या कडेला हात लागला की बांगडी फुटायची आणि काच रुईत. रुईत काच निघाली की सगळा गठ्ठा परत येई आणि मालक माझ्यावर येई. आता बायांना बांगड्या काढा म्हणणं म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं मरण मागणं. तसं बोलणाऱ्या मुकादमिणीच्या हाताखाली एक बाई टिकली नसती. म्हणून मी कायदा केला. बांगड्यांवरून फडकं गुंडाळायचं, गाठ मारायची, मगच ओट्यावर चढायचं.

बाया एका हाताने आणि दातांनी गाठ मारत. साहजिकच ती सुरगाठ असे. टोक ओढलं की सुटणारी. घटकाभरात फडकं सैल होई, कापसात पडे. मला ढिलाई खपत नाही. मी सकाळी रांगेतून जाऊ लागले. बाया हात पुढे करत आणि मी प्रत्येकीच्या मनगटावर स्वतः निरगाठ आवळत असे. माझी निरगाठ सुटत नसे, याचा मला अभिमान होता.

ओट्यावर एक वयस्कर बाई होती, तिला सगळ्या मावशी म्हणत. ती एकदा म्हणाली, "मुकादमीण, भाकर खायच्या वक्ताला सुटत न्हाई गं ही गाठ."

"मग फडक्यानिशी खा."

"आन् हात धुवायचा?"

"डावा धू."

बाया हसल्या. मीही हसले. त्या हंगामात रुईत काचेचा कण निघाला नाही, आणि गावातल्या दुसऱ्या जिनिंगांतही माझा कायदा गेला.

पुढच्या साली संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, सकाळी, मावशीच्या शेजारच्या यंत्रावरच्या बाईच्या फडक्याचं टोक पट्ट्याने धरलं. सुरगाठ असती तर त्याच ओढीने सुटली असती. फडकं गेलं असतं, आणि मी तिला ओरडले असते. गाठ माझी होती. फडक्याबरोबर हात गेला.

इंजिन थांबवलं तरी दांडा थोडा वेळ फिरतच असतो. तेवढा वेळ मी मोजू शकते. अजूनही मोजते.

ती तिसऱ्या दिवशी गेली. सवाष्ण गेली म्हणून चुडा भरायला कासाराला बोलवायचं होतं. घरच्यांना सुचत नव्हतं, मी बोलावून आणला. त्याने हिरव्या बांगड्या काढल्या, डावा हात भरला, आणि खाली मान घालून सवयीने म्हणाला, "दुसरा हात द्या." मग त्याच्या लक्षात आलं. उरलेल्या बांगड्या हातात धरून तो बसून राहिला. त्या परत टोपलीत कशा टाकाव्यात हे त्याला कळेना. मीच त्याच्या हातून घेतल्या आणि तिच्या उशाशी ठेवल्या.

चौकशी झाली. पट्टा जुना होता, असं ठरलं. फडक्याचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हंगाम संपायच्या आधीच काम सोडलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ती मला कधी दिसली नाही, स्वप्नातही नाही. जे होतं ते माझ्या बोटांत होतं. गाठोडं बांधावं, पोत्याचं तोंड आवळावं, की बोटं आपसूक तीच गाठ मारत आणि पुढे उघडायला तयार नसत. मी पोत्याचं तोंड दुमडून वर दगड ठेवू लागले. घरात कशालाच गाठ उरली नाही. फक्त लुगड्याची कमरेची गाठ रोज मारावीच लागे, आणि तिथे रोज पहाटे माझे हात थांबत. वेचणीला गेलं की वाकलेल्या बायांची मनगटं मी मोजत असे. बारा बाया असल्या तर चोवीस. माझी मोजणी कधी तेवीसवर थांबे. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायची. हातातलं काम तसंच राही, आणि शेतमालकीण विचारी, "झोपलीस का गं?"

अशी मी मिजाज लिहून घेतलेला कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिले.

साहेब हैदराबादेकडचे, मराठी बोलत पण अडखळत. त्यांनी दरखास्त वाचली, मान डोलावली, पुन्हा वाचली. शेवटापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेव्हाच मला कळलं की मुन्शीजींनी ते वाक्य लिहिलंच नव्हतं.

"बहोत खूब," साहेब म्हणाले. "आम्ही ऐकलं तुमच्या फडक्याचा कायदा. रुईत काच नाही. इथं पण तोच चालवा. संक्रांतीपासून नको, उद्यापासून."

मी सलाम करून बाहेर पडले असते तर काम माझं होतं. चौकशी मिटून दोन साल झाले होते. मला कुणी काही विचारत नव्हतं. पण ते गाठच मागत होते. उद्या सकाळी वीस बाया माझ्यापुढे हात करणार होत्या.

"साहेब, कागदावर पुरतं आलेलं नाही."

"काय राहिलं?"

मी सांगितलं. जसं वर लिहिलं आहे तसंच, थोडक्यात. कासाराचं सांगितलं नाही.

त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा का नाही बोलला?"

"तेव्हा भ्याले."

"आणि आता भीती नाही?"

"आहे. पण तुम्ही तोच कायदा मागताय."

मी पुढे म्हणाले, "काच येऊ देणार नाही. फडकं राहील, गाठ सुरगाठ राहील, सैल झाली की बाई खाली उतरून पुन्हा बांधील. काम थोडं मागे पडेल. आणि बाया चढायच्या आधी प्रत्येक पट्ट्याला फळ्यांची पेटी ठोकून द्या."

"फळ्या होतील. पहिला माल तर निघू द्या."

"फळ्या आधी."

"बाई, दरखास्त तुम्ही दिली का मी?" ते चिडले होते, पण कागद त्यांनी फाडला नाही. "बाया कोण आणणार?"

"मी."

"हे ऐकून येतील?"

"ते त्यांना विचारते."

"विचारा. उद्या भोंग्याला वीस बाया असतील तर तुम्ही मुकादमीण. नाहीतर दुसरी पाहतो." फळ्यांबद्दल ते पुढे काही बोलले नाहीत.

बाया मिळवायच्या म्हणजे मावशीकडे जावं लागणार होतं. तिच्या शब्दावर आमच्या भागातल्या बाया कुठेही जात. दोन सालांत मी तिच्या दारावरून गेले नव्हते. लांबचा रस्ता घेत होते.

ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. भोवती सात-आठ बाया. मला पाहून कुणी सरकून जागा दिली नाही. मी उभ्यानेच सांगितलं की जिनिंग सुरू होतंय, बाया हव्यात, पट्ट्यांना फळ्या ठोकायला सांगितल्यात, मुकादमीण मी.

"कोन मुकादमीण?" मावशीने वर न पाहता विचारलं. "आमाला सांग तर खरं, कशी हाय ती?"

बाया फिसकन हसल्या. मी उत्तर दिलं.

"तीच आहे. ओरडते. कामात बोलू देत नाही. पाणी प्यायला पाळीनेच सोडीन. पण गाठ मी मारणार नाही. मागच्या वेळी मी मारली होती, म्हणून ती गेली. पट्ट्याने नाही."

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी शेजारीच हुते नव्हं? तिचा हात धरून मी दातानं सोडायला गेले ती गाठ. सुटली न्हाई." तिने पुढचे दोन दात बोटाने दाखवले. तिथे जागा मोकळी होती. "हे तवाच गेले. तू इंजनाकडं पळालीस, तुला दिसलं न्हाई."

मला ते माहीत नव्हतं. दोन साल मी समजत होते की हे मला एकटीलाच माहीत आहे.

"तू बोलली का नाहीस मावशी?"

"तू कवा बोलतीस ते बघायलोय आमी. दोन साल लय झाले गं माय." तिने शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि एका बाजूने चावू लागली. "त्या फळ्या ठोकनार हायत का?"

"साहेब म्हणतात नंतर."

"आन् तू काय म्हनतीस?"

"आधी."

"मंग यिऊ. फळ्या न्हाई तर चढनार न्हाई. आन् ओरडलीस तर आमी बी ओरडू."

"ओरडा. पण भोंग्याच्या आधी या."

"बघा," मावशी बायांना म्हणाली, "काई बदललं न्हाई."

मला तिथून निघून जाता आलं नाही, मी खाली बसले. कुणीतरी मूठभर शेंगा पुढ्यात टाकल्या. मी फोडत बसले. समोर सगळ्यांचे हात चालू होते आणि मी मोजत होते. पुन्हा एक कमी आला. मी मोजणं सोडलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना बावीस बाया घेऊन मी नव्या जिनिंगच्या फाटकात उभी होते. आत ओट्यावर यंत्रं पुसून ठेवली होती, पट्टे उघडेच होते. भोंगा झाला. साहेब दारात आले आणि त्यांनी हाताने आत या अशी खूण केली. मी बायांना फाटकाबाहेर रांगेने खाली बसवलं, मावशीला सांगितलं की मी येईपर्यंत एकीनेही उठायचं नाही, आणि सुताराला आणायला त्याच्या घराकडे निघाले.