उठून जाणारं गिऱ्हाईक

इथे आखातात, सूक वाकिफ बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. सुरुवात दुसऱ्याच्या दुकानात गठ्ठे उचलण्यापासून केली. भाव करायला कोणी शिकवलं नाही, फसत फसत शिकलो. मुलगी शाळेच्या सुट्टीत गल्ल्यामागे येऊन बसायची, तेव्हा तिला एक नियम सांगितला होता. गिऱ्हाईक उठून चालायला लागलं तर हाक मारायची नाही. माल हवा असेल तर तिसऱ्या दुकानापासून आपण होऊन परत येतं. हाक मारली की आपण हरलो.

तिने मल्याळी मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा आम्ही चौघं एका हॉटेलात बसलो होतो. मी, बायको, मुलगी आणि तो. तो मल्याळी म्हणून मला राग नव्हता, हे मी आजही सांगतो. सगळं ठरवून झाल्यावर मला सांगितलं, याचा राग होता. मी ताटावरून उठलो आणि चालू लागलो. मुद्दाम हळू चाललो. कोणी हाक मारली नाही. लग्नाला गेलो नाही आणि दोन वर्षं तिच्याशी बोललो नाही.

मग एका शुक्रवारी बायको म्हणाली, "चला, सिनेमाला जाऊ. घरात बसून माझ्याशीच भांडाल." मॉलमध्ये पोचलो तर सिनेमा मल्याळी, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत जावई. त्याच्या पलीकडे मुलगी. दोघं लग्नानंतर राहतात त्या अल खोर गावाहून आले होते. मी उठायला लागलो.

"बसा हो," बायको म्हणाली. "तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत."

बसलो.

पडद्यावर प्रेम, लग्नघर, भांडणारे काका, केळीच्या पानावरचं जेवण. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, पण मी वाचेपर्यंत पळून जायची. नवरीचा बाप रागाने मांडवातून उठतो आणि नदीच्या धक्क्यावर जाऊन बसतो. होडीवाल्याला काहीतरी सांगतो. आजूबाजूला लोक डोळे पुसू लागले. मला राहवेना.

"काय म्हणाला तो?"

जावई दचकला. मग त्याच्या मराठीत म्हणाला, "तो बोलतो, मी वाट बघत होता. कोणी बोलावला नाही."

"आणि होडीवाला?"

"तो बोलतो, तिकडे ते पण वाट बघत बसले."

मध्यंतरात मुलगी समोर येऊन उभी राहिली. "बाबा, त्या दिवशी हा तुम्हाला बोलवायला उठला होता. मीच हात धरून खाली बसवला. म्हटलं, तिसऱ्या दुकानापासून येतील."

"तिथे दुकानं कुठे होती?" मी ओरडलोच. "पार्किंगमध्ये किती वेळ गाडी चालू ठेवून बसलो होतो मी!"

"आणि आम्ही बिर्याणी गार करत बसलो होतो."

उरलेला सिनेमा मला नीट दिसला नाही.

सुटल्यावर ती दोघं आपल्या गाडीकडे निघाली. मुलगी हळू चालत होती. ते चालणं मी ओळखलं. आधी मला विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. ती गाड्यांच्या दुसऱ्या रांगेपर्यंत पोचली.

"ए, थांबा!" मी हाक मारली. "घरी जेवून जा."

"त्याला पहाटे ड्युटी आहे, बाबा."

"मग चहा तरी."

ती वळली, पण जागची हलली नाही.

"चहाबरोबर काय?"