दुबईचे तीन तास आणि शेंदूरजनाघाटचे अडीच

हमीदचाचा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा काउंटरवर आले आणि पुन्हा तेच विचारलं, मुंबई ते दुबई विमानाला किती वेळ लागतो? तिकीट काढायचंय का म्हटलं, तर नाही.

अमरावतीत मी ट्रॅव्हल एजन्सीत बुकिंग बघायचे. कपाशीच्या नापिकीनं सगळ्यांना झोपवलेली ती वर्षं. चाचांचं कापडाचं दुकान ओस, आमचं ऑफिसही तसंच. त्यात फुकटची एन्क्वायरी आली की बॉसचं डोकं फिरायचं. पण चाचा इतका गोड माणूस की मला हाकलवेना.

भानगड अशी होती. त्यांच्या धाकट्या मुलीला, शबानाला दुबईतल्या एसी मेकॅनिकचं स्थळ आलं होतं. पोरगा सगळ्यांना पसंत, शबानाला तर फारच. चाची तेवढ्या अडून बसलेल्या. बोलावलं की पोरगी घरी यायला पाहिजे, ही त्यांची एकच अट. शुक्रवारी जबाब द्यायचा होता.

टाइमटेबल बघून चाचांनी घरी दीड तास सांगितला. शेजाऱ्यानं तीन सांगितले. चाचींनी दोघांनाही खोटं ठरवलं. मी समजावलं, विमान तीनच तास घेतं, पण दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. मुंबईहून दहाला निघालं की तिथल्या साडेअकराला उतरतं, म्हणून कागदावर दीड दिसतो. परत येताना साडेचार दिसतील.

"हे तर तिले बिलकुल सांगू नका," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चाचीच आल्या, शबानाला घेऊन. "विमानाचं राहू द्या मॅडम. तिच्या दारातून माह्या दारात किती?"

आता काय लपवणार? एअरपोर्टवरची रांग, तीन तास हवेत, मुंबईहून रात्रभर रेल्वे, बडनेरा स्टेशनवरून ऑटो. पूर्ण एक दिवस धरा, म्हटलं. शबानानं मान खाली घातली. झालं, मोडलं आपण पोरीचं लग्न, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाची म्हणाल्या, "मोठीले शेंदूरजनाघाटले देली. एसटीनं अडीच घंटे. दोन ईदा झाल्या, सासू येऊ देत नाही. तिथं कोनतं विमान लागते?"

तेव्हा मला ओपन तिकीट सुचलं. म्हणजे परतीचं तिकीट आधीच काढायचं, तारीख टाकायची नाही. वर्षभरात वाटेल तेव्हा जागा धरून निघायचं. चाचींनी तिथल्या तिथं दुबईला फोन लावायला लावला.

"मी बोलावलं तर धाडशीन का माह्या पोरीले?"

पोरगा म्हणाला, तिकीट आजच त्याच ऑफिसातून काढतो, निकाहनंतर तिच्याच पर्समध्ये राहू द्या. बॉसनं चहा मागवला.

पहिल्याच ईदला शबाना आली. दुसऱ्या दिवशी जीप करून शेंदूरजनाघाटला गेली, बहिणीला आणायला. दुबईहून आलेल्या पाहुणीला नाही म्हणणं सासूला जमेना. दोघी बहिणी हसत आमच्या ऑफिसात मिठाई द्यायला आल्या, आणि चाचा दारातच डोळे पुसत उभे राहिले.

आजही कुणी प्रवासाला किती वेळ लागेल विचारलं, तर मी आधी विचारते, घरचे निघू देतात का? विमानाचं नंतर बघू.