बाटलीवर नाव त्याचं होतं

मंडळाच्या स्मरणिकेसाठी आमच्या रविवारच्या दवाखान्यावर मला दोन पानं लिहायची आहेत. "काकाजी, चांगलं-चांगलं लिहा, बस," असं सचिव सांगून गेला. त्याला आठ दिवस झाले. लिहायला बसतो, उठतो, गॅलरीत फेऱ्या मारतो, परत बसतो. चांगलं बरंच आहे. पण त्या दवाखान्याला कुलूप माझ्यामुळे लागलं, हे आधी लिहिल्याशिवाय बाकीचं लिहवत नाही.

पासष्टची लढाई सुरू होती. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या दिवसरात्र चालत, कामगारांची भरती जोरात होती. मंडळाच्या हॉलमध्ये एक मराठी डॉक्टर दर रविवारी तरुण पोरांना फुकट तपासत. भरतीच्या मेडिकलआधी सगळे तिथेच येत. कुणाला टीबी निघाला, तर मंडळ त्याला वाऱ्यावर सोडत नसे. इंजेक्शन द्यायला कंपाउंडर घरी जाई, बायका पाळीपाळीने दूध-अंडी पोचवत. असे बरे झालेले चार-पाच जण मी पाहिले होते. मी तिथे स्वयंसेवक होतो, वय वीस. थुंकीच्या बाटल्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि त्या तपासणीला पोचवायच्या, हे माझं काम.

माझा शाळेपासूनचा मित्र महिनाभर खोकत होता. डॉक्टरांनी त्याची थुंकी मागितली. बाटली घेऊन तो मला हॉलच्या मागे घेऊन गेला.

"तू थुंक यात."

"पागल झाला का बे?"

"काहून घाबरून राहिला? तुझी थुंकी काय सोन्याची आहे? टीबी निघाला तर वर्षभर घरी बसावं लागेल. लड़ाई मेरे लिए रुकेगी क्या?"

एकाच दिवशी रुजू व्हायचं, एकत्र सायकली हाणत कामावर जायचं, असं आमचं कधीचं ठरलं होतं. मी थुंकलो.

रिपोर्ट साफ आला. डॉक्टर कागद बघत राहिले. पुन्हा त्याच्या पाठीला नळी लावून म्हणाले, "मला पटत नाही. उद्या सकाळची पहिली थुंकी आण."

दुसऱ्या वेळी त्याने मला सांगितलंसुद्धा नाही. सकाळी उठल्याबरोबर मीच बाटलीत थुंकलो आणि वर त्याच्या नावाची पट्टी लावली.

तोही रिपोर्ट साफ. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही दोघेही फॅक्टरीत लागलो. रोज बारा-बारा तास काम. दिवाळीनंतर एक दिवस मशीनजवळच त्याच्या तोंडातून रक्त आलं. इलाज सुरू झाला, पण फार उशीर झाला होता. दोन महिन्यांत तो गेला. बाटल्यांचं त्याने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

तेराव्याला त्याचे वडील सगळ्यांसमोर डॉक्टरांना म्हणाले, "दोनदा तपासलं ना तुम्ही? काय तपासलं?"

डॉक्टर म्हणाले, "माझंच चुकलं असेल."

मी पत्रावळी घेऊन तिथेच उभा होतो.

मग पोरं दवाखान्यात येईनाशी झाली. "वहाँ टीबी भी पकड़ में नहीं आता," असं गल्लीत बोलत. उन्हाळ्यापर्यंत हॉलला कुलूप लागलं. त्यानंतर आजारी पडलेल्या पोरांच्या घरी दूध-अंडी गेली नाहीत. अशी किती पोरं होती, मी कधी विचारलंच नाही.

काल हे सगळं मित्राच्या धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं. तीही आता पंचाहत्तरीची.

"दुसऱ्या वेळी दादाने सांगितलं नव्हतं?"

"नाही."

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. "बाबा मरेपर्यंत त्या डॉक्टरांना शिव्या देत होते, भैया. छापायला द्या. पण आधी डॉक्टरांच्या मुलीला वाचून दाखवा. ग्वारीघाटच्या रस्त्याला राहते. अन् फोनवर नाही. स्वतः जा."

ऑटो सांगितला आहे. तो येईपर्यंत एवढं लिहून घेतो. रिपोर्ट बरोबर होते. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. दोन्ही वेळा थुंकी माझी होती.