न कळवता सोडलेला वर्ग

ड्वाइट हुडाकचा दिवस पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. गजराची गरज कधीच संपली होती. उठायचं, उभ्याउभ्या कॉफी प्यायची, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायचं आणि चारच्या ठोक्याला पावाच्या कारखान्यात कार्ड पंच करायचं. क्लीव्हलंडच्या दक्षिणेच्या त्या उपनगरात एवढ्या पहाटे रस्त्यावर दोनच गाड्या असत. एक त्याची आणि एक बर्फ ढकलणारी.

सव्वीस वर्षं तो मैद्याची पोती उचलत आला होता. एक पोतं पन्नास पौंडांचं. एक्कावन्नाव्या वर्षी उजवा खांदा बोलायला लागला. आधी कुरकुर, मग ओरड. पुढच्या जूनमध्ये देखभाल खात्यातला एक जण निवृत्त होणार होता. तिथं पोती नाहीत, यंत्रं आहेत. पण नियम असा की कॉलेजच्या कागदावर दोन विषय हवेत, वीज आणि बीजगणित, आणि दोन्हींत निदान 'सी' हवा.

"मी तुझ्या नावाची चिठ्ठी देतो," मार्व्ह म्हणाला. मार्व्ह त्याचा फोरमन, आणि शाळेपासूनचा मित्र. "पण गणित काही मला देता येणार नाही बाबा. ते तुझं तू आण."

ऑगस्टमध्ये ड्वाइटनं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. हमरस्त्यापलीकडे बसक्या तपकिरी इमारती आणि त्यांच्या दुप्पट मोठा गाड्यांचा तळ. वर्ग एकला. साडेबारापर्यंत जवळच्या जागा भरतात. मग लांबच्या कोपऱ्यात गाडी लावून वाऱ्यातून आठ मिनिटं चालावं लागतं. हे त्याला पहिल्या आठवड्यात कळलं. पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही, वाचनालयात दोन-दोन तास बसून वापरता येतं, हे तिसऱ्या आठवड्यात. आपण होऊन कुणी सांगत नाही. विचारलं की सगळे सांगतात. ड्वाइट विचारणाऱ्यातला नव्हता.

ऑक्टोबरात त्याची बायको रोझलिन गेली. रविवारी दुपारी, डोक्यातली रक्तवाहिनी फुटून. गुरुवारी तिला पुरलं. करारात चार दिवसांची रजा होती, ती घेतली आणि शुक्रवारी पहाटे चारला तो कामावर हजर झाला. कुणीतरी त्याच्या कपाटावर खिमा-बटाट्याचं भांडं फडक्यात बांधून ठेवलं होतं. त्यानं ते खाल्लं, भांडं घासून परत ठेवलं.

विजेचा वर्ग कार्यशाळेत भरायचा. तिथं हात चालत, म्हणून तिथं तो जात राहिला आणि डिसेंबरात 'सी' मिळवला. बीजगणिताच्या मंगळवारी मात्र तो तळावर गाडीतच बसून राहिला. सव्वादोनला वर्ग सुटला, पोरं बाहेर आली, तसं त्यानं इंजिन सुरू केलं आणि घरी गेला. गुरुवारीही तेच. पुढच्या मंगळवारी तो हमरस्त्यावरून कॉलेजकडे वळलाच नाही.

कारखान्यात न कळवता तीन पाळ्या चुकवल्या की मुकादम मांडणीतून तुमचं कार्ड काढून टाकतो. भांडण नाही, कागद नाही. आला नाहीस म्हणजे सोडलंस. ड्वाइटनं धरलं की इथंही कुणीतरी कार्ड काढलं असेल. जानेवारीत परत नाव घालू, जूनपर्यंत होईल.

जानेवारीत तो नोंदणीच्या खिडकीशी उभा राहिला. खिडकीमागे ओफीलिया नावाची बाई होती, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला.

"बीजगणितात नापास झालायत तुम्ही," ती म्हणाली.

"मी परीक्षेला बसलोच नाही."

"म्हणूनच."

"मी सोडला होता वर्ग."

"कधी सोडलात? नाव काढल्याचा कागद दिसत नाही मला."

"आलोच नाही मी. ऑक्टोबरपासून. सर रोज हजेरी घ्यायचे, दिसलं असेल की त्यांना."

ओफीलियानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुठं काम करता?"

"पावाच्या कारखान्यात."

"माझा भाऊ पोलादाच्या कारखान्यात होता. तोही अस्साच येऊन उभा राहिला होता इथं." ती खुर्ची पुढं सरकवून बसली. "हे बघा, इथं न येणं म्हणजे सोडणं नव्हे. तारीख असते, त्याआधी कागद भरायचा. भरला नाही तर तुम्ही शेवटपर्यंत वर्गातच असता. कागदाशिवाय इथून कुणी सुटत नाही."



"का येईनासे झालात?"

"बायको वारली."

तिनं हात थांबवले. मग खणातून एक अर्ज काढला. "मृत्यूचा दाखला जोडा. इथं चौकोनात कारण लिहा, दोन ओळी पुरे. समिती बसते. बहुतेकांना मिळतं. नापासाचा शेरा जाईल, भरलेले पैसेही परत मिळतील कदाचित."

तो व्हरांड्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला. चौकोन हाताच्या तळव्याएवढा होता. वर लिहिलं होतं, कारण स्पष्ट करा. त्यानं रोझलिनचं नाव लिहिलं. पुढं पेन चालेना. ती रविवारी गेली, हे खरं. गुरुवारी तिला पुरलं, हेही खरं. पण त्या मंगळवारी तो वर्गापासून ऐंशी पावलांवर होता. पाय शाबूत होते. शुक्रवारी ह्याच पायांनी कामावर गेला होता. गाडीत बसून त्यानं रडणं-बिडणं काही केलं नव्हतं. रेडिओसुद्धा लावला नव्हता. त्या सव्वा तासात काय झालं ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. ते कारण म्हणून लिहायचं कसं?

अर्धा तास झाला. त्यानं अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि खिडकीशी गेला.

"परत त्याच वर्गात घाला मला."

"आणि अर्ज?"

"नको."

"अहो, फुकट मिळतंय तुम्हाला!"

"मी वर्गाला गेलो नाही. काम केलं नाही. तेवढंच आहे."

"बायकोमुळेच ना पण?"

"माहीत नाही," ड्वाइट म्हणाला.

ती टाइप करू लागली. नवा निकाल मोजणीत धरतात, जुना शेरा कागदावर राहतो, असं तिनं सांगितलं. पैसे पुन्हा भरावे लागतील, चार हप्त्यांत चालतील. "आणि ह्या वेळी मान मोडली तरी मला येऊन सांगायचं. ऐकताय ना?"

"हो, बाईसाहेब."

पहिल्या मंगळवारी तो साडेबाराच्या आतच पोचला. शिकवणारे तेच, लिसेन्को. पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा युक्रेनी माणूस. हजेरी घेताना थांबले.

"हुडाक! अरे, मला वाटलं मेलास तू."

"मी नाही," ड्वाइट म्हणाला.

वर्ग हसणार होता, हसला नाही. लिसेन्कोंनी खडू उचलला, परत ठेवला. "बस," ते हळू म्हणाले. त्या दिवशी त्यांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या वेळेपासून सगळ्यांत जास्त त्यालाच विचारले.

शिकवणीची एक खोली होती, तळमजल्यावर, फुकट. मागच्या खेपेला तिच्यावरून तो रोज चालत गेला होता. आता वर्ग नसेल त्या दिवशीही तो अडीच ते पाच तिथं बसू लागला. रोज चाळीस उदाहरणं. छत्तिसाव्याला डोळे मिटायला लागत. मग उठून भिंतीपर्यंत जायचं, यायचं, उरलेली चार करायची. एकोणचाळीस करून तो कधी घरी गेला नाही. घरी जाऊन करायचं तरी काय होतं?

तिथं शानिस नावाची विशीतली मुलगी शिकवायला असायची.

"मिस्टर हुडाक, पलीकडे नेलंत ना, मग चिन्ह बदला. किती वेळा सांगू?"

"बदललं."

"आत्ता बदललंत. मी बघितल्यावर." ती पुढच्या टेबलाकडे जाता जाता म्हणाली, "इतके दिवस बसताय, खोलीचं भाडं लावते आता तुम्हाला."

कारखान्यात मार्व्ह रोज छेडायचा. "काय प्रोफेसर, सापडला का एक्स?"

"सापडला."

"कुठं होता मेला?"

"डावीकडे."

मार्व्ह हसून हसून पोत्यावर बसला. ड्वाइटनं त्याला उठवलं. पोती मोजायची होती.

मार्चमध्ये खांद्यानं दगा दिला. पोतं हातातून सुटून फुटलं आणि तो गुडघ्यापर्यंत पांढरा झाला. मार्व्हनं झाडू आणला. दोघांनी मिळून मैदा गोळा केला. "जूनपर्यंत टिकव तो हात," मार्व्ह म्हणाला. "त्यापुढं पोत्यांवर ठेवता यायचा नाही मला तुला. देखभाल नाही तर काहीच नाही." ड्वाइटनं मान हलवली. ऐकलं होतं. भीती वाटायला हवी होती, हेही त्याला कळत होतं.

मे महिन्यात परीक्षा झाली. तीस प्रश्न, दोन तास. चौदाव्या प्रश्नाशी डोकं कोरं झालं. ऑक्टोबरातल्या गाडीत होतं तसंच, आत काही नाही, बाहेर काही नाही. घड्याळाचे काटे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. तो हात टेबलावर ठेवून बसला. मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर पावाचा एखादा साचा अडकला की तो बाजूला काढतात, पुढचे येऊ देतात. त्यानं चौदावा सोडला, पंधरावा धरला. तिसावा संपल्यावर मागं आला आणि चौदावा अर्धा सोडवला. पेपर दिला तेव्हा खोलीत तो आणि लिसेन्को दोघंच उरले होते.

"जमलं का?" लिसेन्कोंनी विचारलं.

"भरलाय सगळा."

निकाल चौथ्या दिवशी वाचनालयातल्या पडद्यावर दिसला. बहात्तर. सी. भट्टीचा काटा वाचतात तसा त्यानं तो आकडा दोनदा वाचला. आनंद होईल म्हणून थोडा वेळ थांबला. झाला नाही. मग बाहेर जाऊन मार्व्हला फोन केला.

"जूनच्या पहिल्या सोमवारी देखभालीत ये," मार्व्ह म्हणाला. "चारलाच. उशीर होईल म्हणून मुद्दाम सांगतोय हं," आणि आपल्याच विनोदावर हसला. मग आवाज बदलून म्हणाला, "रोझलिन असती तर—"

"हं," ड्वाइट म्हणाला, आणि त्यानं फोन खिशात ठेवला.

शेवटचा हप्ता बाकी होता. ओफीलियाच्या खिडकीशी जाऊन त्यानं तो भरला. जादा पैसे मिळत म्हणून त्या वसंतातले अकरा शनिवार त्यानं बंद भट्टीत शिरून काजळी खरवडली होती, डाव्या हातानं. त्या अकरा शनिवारांची मजुरी एका बीजगणितात गेली. त्याचे पैसे त्यानं आधीही एकदा भरले होते.