पाय धुऊन घ्यायला कोणी आहे का?

आमच्या माजिवड्याच्या छोट्याशा चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले होते, म्हणून. यंदा पाळकसाहेबांनी धुण्याचा मान आमच्या ह्यांना दिला आणि दोन ज्येष्ठ सभासद रुसून बसले. खाली मान घालून करायची सेवा, तिच्यातही मानपान! मला हसू आवरेना.

पण घरी हसण्यासारखं काही नव्हतं. हे रिटायर्ड मास्तर. गुडघे कामातून गेलेले, अंगात साखर, आणि उजव्या अंगठ्याचं नख आत रुतून बोट लालभडक. वाकता येत नाही म्हणून मोजे फूटपट्टीने वर ढकलायचे, पण मला हात लावू देतील तर शपथ. "द्या, मी बघते" म्हटलं की, "मी काय पांगळा झालोय?" साखरेच्या माणसाने पायाची हेळसांड केली तर पाय गमवायची वेळ येते, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माझा जीव टांगणीला, आणि हे निघाले बारा जणांचे पाय धुवायला! आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात ना, तर ह्यांना धड वाकताही येत नव्हतं.

अडचण पुढेच होती. धुवायला सगळे तयार, धुऊन घ्यायला कोणी नाही. "छे छे, मास्तरांकडून पाय धुऊन घ्यायचे? पाप लागेल!" ओढूनताणून अकरा जमले. बारावा म्हणून हे आमच्या कोलशेतच्या घराशेजारच्या दादांना सांगून आले. दादा गावातले जुने, शेताच्या जागी बंगला बांधलेले, चर्चची पायरी कधी न चढलेले. "दादा, या, तुमचे पाय धुवायचेत," एवढंच ह्यांनी सांगितलं.

आता आपल्याकडे माणसाचे पाय धुतात कधी? लग्नात, जावयाचे नाहीतर व्याह्यांचे. दादा आले ते पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर टोपी, गळ्यात बोटभर जाड साखळी आणि हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

ह्यांनी कमरेला पंचा बांधला, परात घेतली आणि कसेबसे गुडघे टेकले. अकरा जण घरूनच पाय साबणाने घासून, वर पावडर लावून आलेले. घासलेली भांडी पुन्हा घासावीत तसा तो कार्यक्रम. हे गुडघ्यांवर सरकत सरकत शेवटी दादांपर्यंत पोचले. दादांनी ऐटीत पाय परातीत ठेवले, धुऊन पुसून घेतले आणि इकडेतिकडे बघत मोठ्याने विचारलं, "मास्तर, पाय धुतलं, आता नवरी कुठं हाय?"

पाळकसाहेबांची प्रार्थना घशातच अडकली. सगळा हॉल खो खो हसत सुटला. हसत नव्हते ते फक्त हे, कारण ह्यांना उठताच येईना. अकरा शिष्य अनवाणी धावले. "नको, नको! माझं मी उठतो!" म्हणत हे थेट परातीत बसले.

दादांना ह्यांचं 'नको' ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ काखेत हात घातले आणि उचलून आपल्या खुर्चीत बसवलं. "गप रं मास्तर. आता आपुन व्याही झालो. रीत दोन्हीकडून व्हायला पायजे." असं म्हणून त्यांनी ह्यांचा भिजलेला मोजा ओढून काढला आणि अंगठा बघून थबकले. "मास्तर, हे काय रं करून ठेवलंस?"

हॉलमधलं हसू बंद. ह्यांची मान खाली. मला राग असा आला म्हणता! दादा परातीकडे वळले तसा मी पदर खोचला.

"दादा, सरका. हा मान माझा."

"अगं, सगळ्यांसमोर?" हे पुटपुटले.

"मग काय फूटपट्टीसमोर?"

दादांनी ताजं पाणी आणून दिलं. मी अंगठा सांभाळत पाय धुतला, हलक्या हाताने टिपला. "उद्या डॉक्टर," मी म्हटलं. हे "बरं" म्हणाले. चक्क बरं! मी परात बाजूला सारायला गेले, तर म्हणाले, "थांब जरा."

आणि डावा पाय, मी न मागता, आपणहून पुढे केला.