पुलाअलीकडची डाळिंबं

माझी बायको भामरागडच्या दवाखान्यात नर्स होती तेव्हा मी महिन्यातून दोनदा तिकडे जायचो. मी कोरपन्याजवळच्या एका शाळेत कारकून. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमचा बहुतेक संसार फोनवरच चालला होता. जाताना चंद्रपूरला बस बदलावी लागायची. त्या मधल्या वेळात बाजारात जाऊन तिच्यासाठी डाळिंबं घ्यायची, हे ठरूनच गेलं होतं. ती सांगोल्याकडची. तिच्या वडिलांची डाळिंबाची बाग आहे. भामरागडला आठवडी बाजारात केळी, पपई मिळायची. डाळिंब कधी दिसायचं नाही.

आमच्या घरी डाळिंब म्हणजे आजाऱ्याचं फळ. कोणी दवाखान्यात भरती झालं की पाहायला जाणारा पिशवीत डाळिंबं घेऊन जायचा. धडधाकट माणसाने स्वतःसाठी डाळिंब विकत घ्यावं, हे मला लग्न होईपर्यंत सुचलं नव्हतं. तिच्यासमोर पहिल्यांदा फोडायला घेतलं तेव्हा मी ते कांद्यासारखं मधोमध चिरलं. रस ओट्यावरून खाली वाहिला, शर्टावर डाग पडले, ते आजपर्यंत निघालेले नाहीत. तिने माझ्या हातातून सुरी काढून घेतली.

"अहो, सुरी दाण्याला लागता कामा नये," ती म्हणाली. "फक्त सालीला."

मग तिने दुसरं फळ घेतलं. वरच्या तुऱ्याभोवती सुरीच्या टोकाने गोल रेघ मारली आणि टोपण काढावं तसा तो भाग उचलला. आत पांढरे पडदे दिसत होते. जिथे जिथे पडदा, तिथे तिथे तिने सालीवर वरून खालपर्यंत उभी चीर दिली, अगदी हलकी. मग दोन्ही अंगठे आत घालून फळ उघडलं. पाच-सहा फोडी झाल्या, एकही दाणा फुटला नाही. फोडी पाण्याच्या भांड्यात धरून तिने दाणे मोकळे केले. दाणे तळाला बसले, पापुद्रे वर तरंगले.

निवडायचं कसं, तेही तिनेच शिकवलं. चेंडूसारखं गोल, चकचकीत फळ घ्यायचं नाही. दाणे भरले की ते आतून सालीला रेटतात, फळाला कडा येतात. हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा जड लागलं पाहिजे. मी दुकानात दोन्ही हातांत दोन फळं घेऊन उभा राहायचो तेव्हा फळवाली म्हणायची, "भाऊ, लेकीले पोरगा पाहून राह्यले का?"

ऑगस्टमधली गोष्ट. त्या खेपेला निघायच्या आदल्या दिवशी आमचं फोनवर वाजलं. मी म्हणालो, "तू बदलीचा अर्ज काऊन नाई करत? किती दिवस असं राहाचं?"

ती म्हणाली, "आत्ता पावसाळ्यात? मी गेले तर इथली बाळंतपणं कोण करणार?"

"दुसरी कोणी येईन."

"मागच्या वेळी दुसरी यायला आठ महिने लागले होते." आणि तिने फोन ठेवला.

मी निघालो ते मनाशी भाषण तयार करतच. चंद्रपूरला तीन किलो डाळिंबं घेतली, नेहमीपेक्षा जास्त. भांडणाची भरपाई म्हणून घेतली असतील. आलापल्लीला भामरागडची गाडी मिळाली. दुपारी भामरागडच्या नदीवरच्या पुलाच्या अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर एका गावात ड्रायव्हरने गाडी थांबवली.

"पूल बुडाला," तो म्हणाला. "आता पाणी उतरल्याबिगर गाडी हालत नाई."

नवा उंच पूल तेव्हा व्हायचा होता. जुना पूल ठेंगणा. वर छत्तीसगडकडे पाऊस झाला की पाण्याखाली जायचा. मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही बारा-तेरा प्रवासी गावातल्या शाळेच्या दोन खोल्यांत उतरलो. ड्रायव्हर अनुभवी होता. त्याने गावातून एक मोठं गंज, म्हणजे पातेलं, मिळवलं, गावकऱ्यांनी तांदूळ दिले, आणि व्हरांड्यात तीन दगडांवर भात शिजू लागला. पहिल्या दिवशी सोबत डाळ होती. दुसऱ्या दिवशी नुसता भात, मीठ आणि मिरच्या.

माझी पिशवी मी पहिल्या दिवशी उघडली नाही. खोटं कशाला सांगू, ती मी डोक्याखाली घेऊन झोपलो. डाळिंबं आठ-पंधरा दिवस टिकतात, मला माहीत होतं. कोणाकडे केळी होती, ती लगेच खाऊन झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे समोर कोरडा भात घेऊन बसले तेव्हा मला ते जमेना. मी पिशवी काढली.

माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या माडिया आदिवासी बाई बसल्या होत्या. आलापल्लीला लेकीकडे जाऊन परत चालल्या होत्या. त्यांचं गाव नदीपलीकडे, आत जंगलात. दोन दिवसांत त्या फारसं बोलल्या नव्हत्या. मी सुरी मागितली तर त्यांनी कमरेचा छोटा विळा काढून दिला. त्या विळ्याने मी तुऱ्याभोवती रेघ मारली, उभ्या चिरा दिल्या, अंगठे घातले. फळ उघडलं. दाणे गर्द लाल होते. ड्रायव्हर उठून जवळ आला.

"असं फोडतेत?" तो म्हणाला. "मी त आपटतो."

मी बाईंच्या पुढे एक फोड धरली. "घ्या बाई."

त्यांनी एक दाणा काढला, जिभेवर ठेवला आणि तोंड मिटलं. चावला की नाही कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्या इथी एक झाड होतं. लय आंबट. हे गोड आहे."

मग त्यांनी फोडीतले दाणे आपल्या भातावर सोडले, मिरची चुरली, मीठ टाकलं आणि सगळं हाताने कालवलं. मी पाहतच राहिलो. भातात डाळिंब म्हणजे दहीभातावर चार दाणे टाकलेले मी पाहिले होते, पण दही नाही, काही नाही, नुसतं मीठ-मिरची? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खाऊन पाय," त्या म्हणाल्या.

मी तसाच कालवला. गरम भातात दाणा थंडच राहतो. दाताखाली फुटला की तेवढ्यापुरता भात ओला होतो, आणि मिरचीचा तिखटपणा गोडात जाऊन बसतो. दोन दिवसांत पहिल्यांदा मी भात परत मागून घेतला. मग सगळ्यांनीच तसं खाल्लं. मी फोडत गेलो, ड्रायव्हर वाटत गेला. त्याला फोडायचं होतं, म्हणून एक फळ त्याच्या हाती दिलं. त्याने चीर खोल दिली आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. तो कोपर चाटायचा प्रयत्न करू लागला तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या.

साली मी गोळा करून बाहेर टाकायला निघालो तर त्यांनी हात धरला.

"फेकू नको. पोटाले लागते."

त्यांनी साली चुलीजवळ दगडावर वाळत घातल्या. हगवण लागली की सालीचं पाणी उकळून देतात, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, माझी बायको पलीकडे दवाखान्यात आहे, नर्स.

"ते सिस्टर?" बाई म्हणाल्या. "चष्मेवाली?"

"हो."

"माह्या सुनेले तिनंच मोकळं केलं. नदी भरली होती. डोंग्यातून आली." एवढं बोलून त्या साली उलट्या करू लागल्या.

हे मला बायकोने कधी सांगितलं नव्हतं. भरल्या नदीतून डोंग्यात, त्या लहानशा लाकडी होडीत, बसून गेली, हे मला कळलं असतं तर मी घाबरलो असतो, म्हणूनच सांगितलं नसेल. दुपारभर मी व्हरांड्यात बसून होतो. रागही आला होता आणि दुसरंही काही तरी वाटत होतं. मनाशी तयार केलेलं भाषण आठवून पाहिलं, पण ते जुळेना.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पाणी पुलाखाली गेलं. पुलावर चिखल आणि झाडांच्या फांद्या अडकल्या होत्या. आम्ही गाडीतून उतरून फांद्या ओढल्या, गाडी हळूहळू पलीकडे गेली. बाई स्टँडवर उतरल्या, वाळक्या साली पदराच्या गाठीत बांधून जंगलाच्या वाटेला लागल्या. मी म्हणालो, "येतो बाई." त्यांनी मान हलवली.

बायको क्वार्टरच्या दारात उभी होती. गाडी आल्याचं तिला कोणीतरी सांगितलं होतं. आधी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पिशवी हातात घेतली.

"दोनच?"

"वाटली. लोक नुसता भात खाऊन राह्यले होते."

"बरं केलं," ती म्हणाली आणि आत जाऊन सुरी घेऊन बसली. मी शर्ट बदलून येईपर्यंत तिने एक फळ उघडून ताटलीत फोडी मांडल्या होत्या. ती घाईने खात नाही. एक-एक फोड हातात घेऊन, एकेक रांग दातांनी अलगद काढत जाते. खाताना बोलत नाही. शेवटची फोड तिने माझ्याकडे सरकवली.

मी म्हणालो, "डोंग्यातून गेली होती म्हणे तू."

"कोणी सांगितलं?"

"तू जिले मोकळं केलं, तिच्या सासूनं."

"पोहता येतं मला," ती म्हणाली. "विहिरीत शिकलेय." मग हात पुसत म्हणाली, "अर्जाचं काय ते बोला. तेच बोलायला आलात ना?"

"पावसाळा जाऊ दे," मी म्हणालो.

पावसाळा गेला, त्यापुढचाही गेला. तिची बदली तिसऱ्या वर्षी झाली, तीही तिने दोन नव्या नर्सना हाताखाली तयार केल्यावर. तोपर्यंत मी महिन्यातून दोनदा जात राहिलो. पोहायला मात्र मी अजून शिकलो नाही.