चढता करंट, उतरता करंट

आष्टीची दीपमाला दूरच्या प्रयोगशाळेत कणांचा झोत पळवणाऱ्या यंत्रावर काम करते. झोत वळवणाऱ्या चुंबकात अमुक करंट सोडला तर त्याचं बळ किती भरेल, हे तिला आधी सांगावं लागतं. अंदाज सारखा चुकत होता. सोमवारीही चुकला तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. सुट्टीत घरी आल्यावर ती वडिलांना, कडूबांना म्हणाली, "बाबा, करंट तेवढाच, पण बळ कधी कमी, कधी जास्त."

"मंग त्यात काय, माय? आपला बैल बी तसाच. रस्ता एकच, पण शेताकडं रेंगाळतो, घराकडं जल्दी पळतो. आधी तो कुठून आला ते बघ."

दीपमालाने करंट चढवत आणल्यावरचे आणि उतरवत आणल्यावरचे आकडे वेगळे मांडले, त्यावरून अंदाजात दुरुस्ती केली. सोमवारी झोत बराबर वळला. काम तिच्याकडेच राहिलं, आणि भर नियंत्रण कक्षात ती खुर्चीसकट गोल फिरली.